माघात दर्या व्याला

माघ सरत आला होता. अवसेच्या उधाणाला पाणी लांब हटलं होतं, तेव्हा हिरा आणि तिची शेजारीण कमळी उजाडतानाच पाठारावर पोचल्या. पाठार म्हणजे गावाच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी पसरलेला काळा खडक. भरतीला तो कुठे आहे ते परक्याला कळायचं नाही. ओहोटीला मात्र तो लांबच्या लांब उघडा पडतो आणि त्याच्या अंगावर कालवं दिसतात, एकावर एक चिकटलेली, राखी रंगाची, कडांना सुरीसारखी धार असलेली. मांगेलआळीतल्या बायका या खडकावर वाकता वाकता म्हाताऱ्या झाल्या. हिराच्या बोटांवर चिरांचे इतके वण होते की रेशनच्या दुकानातल्या यंत्राला तिचा ठसा लागत नसे. दर महिन्याला दुकानदार तिला बाजूला उभी करून मागच्यांचं आधी उरकायचा.

त्या सकाळी ती उकिडवी बसून टोकदार लोखंडाने कालवांची वरची शिंप उचकटत होती आणि आतला गर डब्यात टाकत होती. पायाशी खडकाच्या खळगीत पाणी साचलेलं होतं. त्या पाण्यात तिला पांढरी रेघ दिसली. विडीचा धूर वर चढावा तशी ती एका कालवातून निघाली, वर येऊन पसरली आणि विरली. हिराला वाटलं, आपणच फोडलेल्या शिंपेचं पाणी असेल. मग शेजारच्या कालवातून तशीच रेघ निघाली. मग त्याच्या पलीकडच्या. ती हातातलं लोखंड तसंच धरून बघत राहिली. बघता बघता ती खळगी पांढरी झाली, मग पुढची, मग दोन खडकांमधला पाण्याचा पट्टा. ज्या कालवांना तिने हातही लावला नव्हता ती आपणहून तोंड उघडून धार सोडत होती. थोड्या वेळाने तिने मान वर केली तर पाठाराच्या कडेकडेने सगळं पाणी दुधाचं झालं होतं. वारा पडलेला होता. त्या पांढऱ्या पाण्यावर सूर्य उगवत होता आणि लाटेला आवाज नव्हता.

कमळी घाबरली. कंपनीने काही सोडलं असेल, पाय बाहेर काढू या, असं ती म्हणाली. पण कंपनीचं पाणी हिराला माहीत होतं. ते कधी तांबडं येई, कधी पिवळं, त्याला फेस असे आणि डोळे चुरचुरत. याला तसला वास नव्हता. ओलं खोबरं किसताना येतो तसला काहीतरी वास होता. हिराने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट आणि किंचित दाट.

"कमळे, हत्यार खाली ठेव," ती हळूच म्हणाली. "दर्या व्याला."

हे तिने जन्मात एकदाच पाहिलं होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी, श्रावणात, सासूने तिला हाताला धरून पाठारावर आणलं होतं आणि असंच पांढरं पाणी दाखवलं होतं. कालवं पोरं सोडतात, सासूने सांगितलं होतं, आता दर्याला सोयेर आहे, पुनवेपर्यंत खडकावर पाय द्यायचा नाही. तेव्हा सासूने पदर पसरून पाण्याला नमस्कार केला होता. हिरानेही आता तसाच केला आणि कमळीने तिचं बघून केला. दोघींनी डब्यातली कालवं परत पाण्यात ओतली आणि रिकाम्या टोपल्या घेऊन किनाऱ्याकडे वळल्या. चालताना हिराच्या अंगावर मधूनच काटा येत होता. पण मनात एक गोष्ट टोचत होती. तो श्रावण होता. हा माघ आहे. कालवं अजून भरायचीसुद्धा होती. अर्ध्या दिवसांची बाई बाळंत व्हावी तसं हे झालं होतं.

घरी तिचा नवरा वामन ओटीवर जाळं शिवत होता. हिराने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवला. वामनने समुद्राकडे पाठ फिरवली त्याला तीन पावसाळे झाले होते. त्याचा धाकटा भाऊ शांताराम त्याच्याच होडीवरून, त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेला आणि सापडला नाही. त्यानंतर वामन भिंतीकडे तोंड करून जो निजला तो उठेना. दाढी वाढली, अंगाला वास येऊ लागला, पुढ्यात ठेवलेल्या ताटावर माश्या बसत. भगत झाला, नवस झाले. शेवटी मुलगा निमेश त्याला उचलून रिक्षात घालून पालघरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने एक गोळी दिली, मुगाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. हिराचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण महिना-दीड महिना गेला आणि एके सकाळी वामन आपणहून उठून चुलीपाशी आला आणि चहा आहे का म्हणून त्याने विचारलं. हिरा तेव्हा मोरीत तोंड लपवून रडली होती. आता तो जाळी शिवत होता, जेवत होता, कधी कधी हसतही होता. फक्त किनाऱ्यावर पाऊल टाकत नव्हता.

पुनव झाल्यावर बायका पुन्हा पाठारावर गेल्या. कालवं जागेवर होती, पण उचकटली की आत पातळ पाणी आणि जुन्या चिंधीसारखा गर. हिराने निवडून निवडून डबा भरला आणि बोईसरच्या बाजारात नेहमीच्या जागी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिचं एक जुनं गिऱ्हाईक, नवापूर रस्त्याला राहणारी एक बाई, तोच गर पातेल्यातून परत घेऊन आली. शिजवल्यावर काहीच उरत नाही, पाणी विकतेस काय, असं तिने विचारलं आणि सगळ्यांच्या समोर पातेलं हिराच्या पायांशी उपडं केलं. हिराने पाय मागे घेतले, फडक्याने जमीन पुसली आणि त्या बाईला दोन सुके बोंबील बांधून दिले.

फाल्गुनात दर्या पुन्हा व्याला.

या वेळी सगळी आळी धावली. पहिल्या वेळेपेक्षा दूध पातळ होतं, पण लांबवर पसरलं होतं, खाडीच्या आतपर्यंत. म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. एकाच हंगामात दोनदा हे त्यांच्यापैकी कुणाच्या सासूनेही सांगितलेलं नव्हतं. देवी प्रसन्न झाली म्हणणाऱ्या होत्या, कोपली म्हणणाऱ्याही होत्या. मग दोन्हीकडच्या मिळून घरी गेल्या आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या. हिराने गुडघाभर पाण्यात उभी राहून पाठाराची ओटी भरली. पांढऱ्या पाण्यावर तांदूळ पडत होते आणि दिसेनासे होत होते.

निमेशची सुट्टी होती, तो किनाऱ्यावरून मोबाईलमध्ये हे सगळं घेत होता. निमेश तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. औषध बनवायच्या मोठमोठ्या टाक्या असतात, त्या रिकाम्या झाल्या की आत उतरून धुवायच्या, हे त्याचं काम. चित्र घेता घेता त्याचा हात खाली आला. हिराला ते दिसलं. त्या दिवशी तो नीट जेवला नाही. पुढचे काही दिवस घरात कालवांचं नाव काढलं तरी तो उठून बाहेर जाई.

ते चित्र मोबाईलवरून या गावातून त्या गावात फिरलं आणि एक दिवस कॉलेजात शिकवणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडम आळीत आल्या. समुद्रातल्या जिवांवर त्यांचा अभ्यास होता. साडी खोचून त्या हिराबरोबर पाठारावर गेल्या, घसरून पडल्या, तळहात कापून घेतला आणि तरी बाटल्या भरत राहिल्या. हिराने त्यांना कालवं न दुखवता शिंपेसकट कशी काढायची ते दाखवलं. परत येताना मॅडमनी सहज विचारलं की नाल्यातून खाडीत कोणत्या कारखान्याचं पाणी येतं. हिराने माहीत नाही म्हणून सांगितलं. निमेश मागून टोपली घेऊन चालत होता. तो थांबला.

"आमच्या कंपनीचं येतं," तो म्हणाला. "टाकी धुतली का साफ करायच्या हौदात सोडायचं असतं. हौद भरलेला असला का सायब नाल्याचा व्हॉल खोलायला लावतो. अवसेच्या आदल्या दिवशी मीच खोलला होता. आणि या बारीला पन मीच."

हिराने वळून मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मॅडमनी त्याला रागावून काही विचारलं नाही. टाकीत काय बनतं, एवढंच विचारलं. पिंपावरचं नाव त्याला पाठ होतं. ते ऐकून मॅडम चालायच्या थांबल्या आणि म्हणाल्या की खात्री झाल्याशिवाय मी काही बोलणार नाही, पण परवा तुम्ही दोघं कॉलेजात या.

कॉलेजातल्या खोलीत टेबलावर काचेच्या दोन पेट्या होत्या. दोन्हींत समुद्राचं पाणी होतं आणि दोन्हींत पाठारावरची नव्हे तर दूरच्या किनाऱ्यावरून आणलेली, भरत आलेली कालवं बसली होती. मॅडमनी पर्समधून पिंपावरच्याच नावाची गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी ग्लासात विरघळवली आणि तिच्यातले थेंब एका पेटीत सोडले. मग त्या चहा सांगायला गेल्या. हिरा काचेशी तोंड नेऊन बसली. चहा आला, निवला. आणि ज्या पेटीत थेंब पडले होते तिच्यातल्या एका कालवाने हळूच तोंड उघडलं. पांढरी रेघ बाहेर आली. मग दुसऱ्यातून. दुसरी पेटी तशीच नितळ होती. पाण्याखाली जे घडतं ते हिराने आजवर वरून वाकून पाहिलं होतं, आता ते तिच्या डोळ्यांच्या समोर, बोटभर अंतरावर चाललं होतं. तिला उठवेना. एवढ्याशा थेंबाने त्या मुक्या जिवाला आपली वेळ भरली असं वाटत होतं, पोटात होतं नव्हतं ते तो सगळं सोडून देत होता.

मॅडम सांगत होत्या की त्या कालवांना वाटतं ऋतू आला. पण पाणी ऋतूचं नसतं, पिल्लं जगत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा असं झालं की कालवं आतून रिकामी होऊन मरतात. खाडीच्या पाण्याची तपासणी अजून यायची आहे, ती आली की पक्कं म्हणता येईल. हिराचं लक्ष टेबलावरच्या पट्टीकडे गेलं होतं. हिरवी पट्टी, चंदेरी पाठ. घरी गणपतीच्या तसबिरीखाली फळीवर ठेवलेली असते तीच.

"ही कसली गोळी, मॅडम?" तिने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "ज्यांचं मन बसतं ना, मावशी, जगावंसं वाटत नाही, अंथरुणातून उठवत नाही, त्यांना देतात."

हिराने बोटाने पट्टी जरा जवळ ओढली. निमेश भिंतीकडे बघत होता. त्यालाही पट्टी ओळखू आली होती.

"टाक्या भरून बनते ती," हिरा म्हणाली. "एवढी मानसं हायत?"

"फार आहेत," मॅडम म्हणाल्या. "आपल्या इथे, परदेशात. सगळीकडे."

बसमधून येताना हिरा खिडकीशी बसली होती. भिंतीकडे तोंड करून निजलेला माणूस फक्त आपल्याच घरात आहे असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं. आता तिला गावोगाव, देशोदेशी तसली घरं दिसू लागली. कुठे बाप, कुठे पोर, पुढ्यात ताट आणि त्यावर माशी. तितक्या सगळ्यांसाठी गोळ्या लागतात आणि त्या इथे, बेटेगावच्या रस्त्यापलीकडे बनतात, निमेश त्या टाक्या धुतो. जगातलं एवढं दुःख आणि त्याचं औषध आपल्या दारावरून वाहतं आहे, हे तिच्या छातीत मावेना. तिला त्या गोळीला शिवी देता येईना. त्या गोळीने तिचा नवरा तिला परत दिला होता.

वामनला यातलं काही कळू द्यायचं नाही असं मायलेकांनी ठरवलं. तो गोळी बंद करील याची हिराला भीती वाटत होती. पण चैत्रात ते झाकून राहिलं नाही. टाकी पुन्हा धुवायची वेळ आली आणि नाल्याचा व्हॉल उघडायला निमेशने नकार दिला. साहेबाने आरडाओरडा केला नाही. तू नहीं करेगा तो दूसरा करेगा, एवढंच म्हणून त्याने दुसऱ्याला हाक मारली. दुसऱ्या पाळीच्या आधीच निमेशचा गेटपास काढून घेतला. चप्पल कारखान्याच्या आत, खुंटीखाली राहिली होती, ती घ्यायलाही चौकीदाराने आत सोडलं नाही. तो अनवाणी घरी आला. वामनने त्याचे पाय पाहिले आणि काय झालं ते विचारलं. निमेशला बापाशी खोटं बोलता आलं नाही.

वामनने ऐकलं. उठून फळीवरची पट्टी घेतली, तळहातावर ठेवून उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली. त्या दिवशी त्याने गोळी घेतली नाही. हिरा पाण्याचा तांब्या घेऊन दोनदा समोर उभी राहिली. तो म्हणाला, आधी मना बगू दे.

सकाळी ओहोटी लागल्यावर तो उठला, सदरा घातला आणि घराला वळसा घालून किनाऱ्याकडे निघाला. आळीतल्या बायका दारांत उभ्या राहिल्या. हिरा त्याच्या मागे दोन पावलं चालत होती, तिच्या मागे पाण्याची बाटली घेऊन कमळी. वाळू लागली तशी त्याची चाल मंदावली. तो पडेल की काय असं तिला वाटलं, पण तिने हात दिला नाही. पाठाराच्या टोकाशी पोचल्यावर तो थांबला.

पाणी पांढरं होतं.

ज्याने त्याचा भाऊ गिळला होता तो समुद्र त्याच्यासमोर लांबवर दुधासारखा पसरला होता. खडकाच्या प्रत्येक फटीतून बारीक धार निघत होती. कितीतरी कालवं आधीच मेली होती, शिंपा उघड्या पडून आतून मोत्यासारख्या चमकत होत्या. उरलेली मात्र सोडत होती, जे काही राहिलं असेल ते. वामन तसाच पाण्यात उतरला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. ओंजळ भरून त्याने ते पाणी डोळ्यांपाशी नेलं. हिराने पाहिलं, त्याचे ओठ हलत होते.

"मी समजत होतो, तुमचं बायकांचं बोलनं," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "माज्या गोळीनं झालं काय हे?"

"तुमी खाल्ली ती तुमच्या कामाला आली," हिरा म्हणाली. "ही सांडलेली हाय. सांडनारा दुसरा."

तो ओंजळीतलं पाणी हळूहळू खाली सोडत उभा राहिला. हिराने कमरेची पिशवी सोडली. पट्टी तिने बरोबर आणली होती. त्याने एक गोळी काढून तोंडात टाकली, कमळीच्या बाटलीतल्या पाण्याने गिळली आणि म्हणाला की हे त्या कारखान्यातल्या लोकांना दाखवलं पाहिजे, तोंडी सांगून कुणाला पटायचं नाही, मलाही पटलं नव्हतं.

कमळीने घरून पितळी हंडा आणला. हिराने तो पांढऱ्या पाण्याने काठोकाठ भरला. हंडा मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली, एका बाजूला वामन, दुसऱ्या बाजूला कमळी, पुढे ड्रायव्हरला चिकटून निमेश. पाम गाव गेलं, बाजार गेला. गचका बसला की पाणी तिच्या लुगड्यावर सांडे.

कारखान्याच्या फाटकाशी त्यांनी हंडा जमिनीवर ठेवला. चौकीदार उत्तरेकडचा, ओळखीचा होता. त्याने वाकून पाहिलं. रस्त्यात पाणी निवळलं होतं, वर नितळ झालं होतं. "पानी है," तो म्हणाला आणि हंडा उचलायची खूण केली. बाहेर निघालेल्या पाळीतले दोघे-तिघे हसले. वामनने मान खाली घातली. हिराने बाही वर सारली, कोपरापर्यंत हात हंड्यात घातला आणि तळापासून पाणी ढवळलं. तळाचं पांढरं वर उठलं, गोल फिरत पसरलं आणि हंडा दुधाने भरला.

हसणारे थांबले. मागून येणारे त्यांच्या खांद्यांवरून डोकावू लागले. कुणीतरी विचारलं, क्या है.

"जीव हायत," हिरा म्हणाली. "दर्याची पोरं. लाखांनी हायत यात. जगायची नायत."

निमेशने ते हिंदीत सांगितलं. कुठून आणलं, कशाने झालं तेही सांगितलं, आवाज न चढवता. बाहेर जाणारी पाळी थांबली आणि आत जाणारीही थांबली.

नाल्याच्या व्हॉलला कुलूप लागलं ते पुढे, तपासणीवाले येऊन गेल्यावर. ते हंड्यामुळे लागलं की मॅडमच्या तपासणीच्या कागदामुळे, हे आळीत कुणी ठामपणे सांगत नाही. निमेशला परत घेतलं नाही, तो आता दुसऱ्या चुलत्याच्या होडीवर जातो आणि कधी कधी वामन नांगर ओढायला होडीपर्यंत येतो. पाठार अजून उघडाच आहे, कालवांवाचून. हिरा बाजारात सुके बोंबील घेऊन बसते.

पण त्या सकाळी भोंगा वाजला तरी फाटकाशी कुणी हललं नाही. आतून एक अधिकारी घाईने आला, गर्दी बाजूला सारत हंड्यापर्यंत पोचला आणि आत बघत उभा राहिला. गर्दीतून एक माणूस पुढे आला. निमेशच्याच टाकीवर पावडर भरायचं काम करणारा, झारखंडचा कुणीतरी, मनगटापर्यंत पांढरा. तो हंड्यासमोर उकिडवा बसला. हात लावू का, असं त्याने हिराला नुसत्या नजरेने विचारलं. तिने मान हलवली. त्याने कमळीच्या बाटलीतलं पाणी मागून घेतलं, दोन्ही हात चोळून चोळून धुतले, सदऱ्याला पुसले, आणि मगच एक बोट हळूच त्या दुधात बुडवलं.